कात्री कोणाच्या हाती?

टीकाकाराचे काम कोणते, असे विचारले म्हणजे सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. चांगले काय ते दाखवावे, हे एक. आणि वाईट काय ते न भिता सांगावे, हे दुसरे. परंतु या दोहोंच्या आधीचे एक तिसरे काम आहे, आणि ते प्रत्येक वाचक, स्वतःला टीकाकार न म्हणवता, रोज करीत असतो. नको असलेल्या मजकुरावरून नजर उचलून ती हव्या असलेल्या मजकुरावर ठेवणे, हे ते काम. वर्तमानपत्र उघडून कोणी थेट क्रीडावृत्ताकडे वळतो, कोणी निधनवार्तांकडे, कोणी राशिभविष्याकडे. मधले सारे त्याच्यापुरते नसतेच. छापील पानाच्या बाबतीत ही निवड डोळ्यांनीच करावी लागे. कागदावर जे छापले ते छापले. वाचकाला ते पुसता येत नसे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र वाचकाच्या हाती खरोखरीची कात्री आली आहे. संगणकावर अगर फोनवर जे पान आपण वाचतो, त्यातला नको तो चौकोन, नको ती पट्टी, नको ते हलते चित्र आपल्यापुरते नाहीसे करता येते. या कात्रीला ‘कंटेंट ब्लॉकर’ म्हणतात. घरगुती बोलीत ‘अ‍ॅड-ब्लॉकर’.

दिवाळी अंकात पुस्तकांची समीक्षा करावी अशी वहिवाट आहे. यंदा मी पुस्तक बाजूला ठेवून या कात्रीचीच समीक्षा करू म्हणतो. आपली मुले, आणि खरे सांगायचे तर आपणही, आता पुष्कळसे मराठी फोनच्या पडद्यावर वाचतो. त्या पानावर काय दिसावे आणि काय दिसू नये हे ठरवणारे साधन साहित्याच्या बाहेरचे कसे मानावे? ते कसे चालते, काय कापते आणि कोणाच्या पोटावर येते, हे जाणून न घेता ते चालवीत राहणे मला बरे वाटत नाही.

प्रथम वाचकाची तक्रार काय आहे ती नीट मांडू. समजा, वसुबारसेच्या दिवशी सूनबाई चकलीच्या भाजणीचे प्रमाण फोनवर पाहत आहेत. सासूबाई पलीकडे डाळी निवडत बसल्या आहेत आणि विचारीत आहेत, “उडीद किती घालायचा म्हणते गं ती?” पानावर तांदळाचे प्रमाण दिसते, हरभऱ्याच्या डाळीचे दिसते, आणि नेमक्या उडदाच्या ओळीवर खालून एक पट्टी चढते. कर्ज हवे आहे का? पट्टीच्या कोपऱ्यातील फुली मोहरीएवढी. ती दाबावी तर बोट पट्टीवर पडते आणि कर्जाचे पान उघडते. मागे यावे तर पान पहिल्यापासून सुरू होते, मध्येच एक चलच्चित्र आपण होऊन गाऊ लागते, आणि तेही थांबवले तर ‘आमच्या सूचना हव्यात का?’ म्हणून नवी विचारणा उभी राहते. ‘उडीद एक वाटी’ या तीन शब्दांसाठी सूनबाईंना चार दरवाजे ओलांडावे लागतात. सासूबाई म्हणतात, “राहू दे, माझ्या अंदाजाने घालते.” त्या दिवशी त्या पानाचा पराभव होतो, आणि तो न्याय्य असतो.

या तक्रारीत जाहिरात वाईट, असा सूर नाही हे ध्यानात घ्यावे. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ हा ग्रंथ लिहून काव्याचा प्राण औचित्यात आहे असे प्रतिपादन केले. कोणतीही गोष्ट स्वतः सुंदर असून भागत नाही. ती जागच्या जागी असावी लागते. झेंडूचे तोरण चौकटीवर शोभते; तेच उंबऱ्यात आडवे बांधले तर येणाराजाणारा त्यात पाय अडकून पडतो. फुले तीच, दोरा तोच. मासिकाच्या मलपृष्ठावरील सुगंधी तेलाची जाहिरात आणि उडदाच्या ओळीवर चढलेली कर्जाची पट्टी यांत फरक आहे तो इतकाच, आणि तो फार मोठा आहे.

गंमत अशी की या उपद्रवातील एक प्रकार औचित्याच्याच चिंतेतून जन्मला. संगणकाच्या पानावरील आडव्या जाहिरातपट्टीचा आरंभ साधारणपणे २७ ऑक्टोबर १९९४ पासून मोजतात. त्या दिवशी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टी झळकली. पुढे काही वर्षांतच, वाचत असलेल्या पानावर टपकन वेगळी खिडकी उघडणारी ‘पॉप-अप’ जाहिरात आली. ‘ट्रायपॉड’ या कंपनीत असताना तिची आज्ञावली लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ साली त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी सांगितलेले कारण वाचण्यासारखे आहे. एका जाहिरातदाराची जाहिरात अशोभनीय मजकुराच्या पानावर लागली आणि तो संतापला. तेव्हा जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून तिला निराळी खिडकी देण्यात आली. म्हणजे जाहिरातदाराच्या औचित्याचा विचार झाला. वाचकाचा राहून गेला. पुढील सारा इतिहास त्या राहून गेलेल्या विचाराचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता कात्री कशी चालते ते पाहू. हे यंत्रशास्त्र नव्हे. घरातील कोणालाही समजेल इतके ते सोपे आहे.

संगणकाचे पान हे एकसंध चित्र नसते. ते चौसोपी वाड्यासारखे असते: मोठ्या चौकोनात लहान चौकोन, त्यात आणखी लहान. शीर्षकाचा एक, मजकुराचा एक, चित्राचा एक, जाहिरातीचा एक. प्रत्येक चौकोनाला पान लिहिणाऱ्याने आतून काही ना काही नाव दिलेले असते, जसे डब्यांवर ‘रवा’, ‘मैदा’, ‘साखर’ अशा चिठ्ठ्या असतात. पान कसे दिसावे, कोणता चौकोन केवढा, कोणत्या रंगाचा, हे सांगणारी एक सजावटीची यादी निराळी असते. वाचकाची कात्री त्या यादीच्या शेवटी आपली एक ओळ जोडते: अमुक नावाचा चौकोन दाखवू नये. झाले. या नियमाची लेखनपद्धतीही लहानशी आहे. आधी संकेतस्थळाचे नाव, मग दोन हॅशची चिन्हे, मग चौकोनाचे नाव. ज्याला हेही लिहायचे नाही त्याच्यासाठी ‘यूब्लॉक ओरिजिन’सारख्या साधनात दोन सोयी आहेत. ‘झॅपर’ने चौकोनावर टिचकी मारली की तो तेवढ्यापुरता जातो आणि पान पुन्हा उघडताच परत येतो. ‘पिकर’ने मारली की तो कायमचा नियम होऊन बसतो. एक म्हणजे माशी हाकलणे, दुसरे म्हणजे खिडकीला जाळी लावणे.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण पुष्कळ जाणती माणसेही तेथे गल्लत करतात. ही साधने दोन निरनिराळी कामे करतात: अडवणे आणि लपवणे. अडवलेली वस्तू आपल्या यंत्रापर्यंत येतच नाही. जाहिरातदाराच्या दूरच्या संगणकाकडे मागणीच जात नाही. त्यामुळे डेटा वाचतो आणि ‘हा वाचक अमुक वेळी अमुक पानावर होता’ ही टाचणही त्याच्या वहीत होत नाही. लपवलेली वस्तू मात्र घरात आलेली असते. फक्त तिच्यावर पडदा टाकलेला असतो. पाहुणा माजघरात बसला आहे. ओसरीवरून दिसत नाही, एवढेच. तो आपले बोलणे ऐकत नाही असे मात्र समजू नये. ज्याला डोळ्यांचा त्रास टाळायचा आहे त्याला लपवणे पुरते. ज्याला पाळत टाळायची आहे त्याला ते पुरत नाही.

या साधनांची वंशावळ थोडक्यात सांगतो. ‘अ‍ॅडब्लॉक’ या नावाची पहिली जोडणी २००२ साली निघाली. तिचीच पुढची आवृत्ती ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ २००६ साली आली. २००५ पासून ‘ईझीलिस्ट’ नावाची नियमांची सामायिक यादी स्वयंसेवक राखीत आले आहेत. तीत आज हजारो नियम आहेत, आणि भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठी ‘इंडियनलिस्ट’ नावाची निराळी यादीही आहे. २०१४ साली कॅनडाच्या रेमंड हिल यांनी आज ‘यूब्लॉक ओरिजिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनाचा पाया घातला. त्यासाठी ते देणगी मागत नाहीत. द्यायचेच असेल तर याद्या राखणाऱ्यांना द्या, असे सांगतात. आपल्या बाजारी युगात ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

हे सर्व परदेशी आणि अगदी अलीकडचे वाटत असेल, तर मी वाचकांना आमच्या जिल्ह्यात येण्याचे निमंत्रण देतो. २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, नेवासे आहे. तेथे ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले असे परंपरा मानते, तो ‘पैस’ आजही दाखवतात. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० हा ज्ञानेश्वरीचा काळ. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे हा ग्रंथ हाताने उतरून घेतला जात होता. उतरणाऱ्यांपैकी कोणाचा हात चुकला, कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने नवा घातला, कोणाला आपलीही एखादी ओवी आत बसवण्याचा मोह झाला. ग्रंथ तोच राहिला, पण पानावर नको ते साचत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती मिळवून, ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी तीत घालू नये असा इशाराही देऊन ठेवला.

मराठीतील ‘नको ते काढण्या’चे हे सर्वांत मोठे उदाहरण, आणि ते समीक्षेचेही थोर उदाहरण आहे. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते. ओवी त्यांच्या बोटांवर खेळत होती. तरी त्यांनी भर घालण्याचे काम केले नाही, काढण्याचे केले. काढण्यासाठी मूळचे काय आणि मागून आलेले काय, हे ओळखणारी दृष्टी लागते. कात्री सर्वांकडे असते. ती दृष्टी दुर्मिळ.

परंतु कथा येथे संपत नाही. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापून प्रसिद्ध केली. ती एकनाथपूर्व आहे असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर विद्वानांत वाद झाले, ते स्वाभाविकच. आपल्याला येथे मुद्दा एवढाच पाहायचा आहे की, सव्वातीनशे वर्षांनंतरही अभ्यासकांना एक प्रश्न सोडीत नव्हता: नाथांनी जे बाजूला ठेवले ते काय होते? शुद्धीकरण कितीही अधिकारी पुरुषाने केलेले असो, काढलेले काय होते हे पाहण्याची वाट जिज्ञासूला हवीच असते. जी प्रत शुद्ध झाली तिच्याविषयी आदर, आणि जे गळले त्याविषयी कुतूहल, हे दोन्ही एकाच मनात राहू शकतात.

आमच्याच जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारच्या कात्रीचीही आठवण आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. जवाहरलाल नेहरू मार्च १९४५ पर्यंत तेथे होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी १९४४ मध्ये त्याच भिंतींच्या आत लिहिले. या कैद्यांना आरंभीच्या दिवसांत वर्तमानपत्र मिळत नव्हते, आणि त्यांच्या पत्रांवरून सरकारचा हात फिरल्याशिवाय ती पुढे जात नव्हती. कोणत्या माणसाने काय वाचावे हे दुसराच कोणी ठरवीत होता. स्वतंत्र भारतातही जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, तेव्हा ‘इंडियन एक्स्प्रेस’ने संपादकीयाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या चौकोनाने वाचकाला जे सांगितले ते कित्येक अग्रलेखांना सांगता आले नसते. येथे काहीतरी होते आणि ते काढले गेले आहे, एवढे त्याने सांगितले.

एकनाथांची कात्री संपादकाची, किल्ल्यातील कात्री सत्तेची. आपल्या फोनमधील कात्री वाचकाची. हा फरक मोलाचा आहे. माझ्या घरात माझ्या डोळ्यांसमोर काय यावे हे मी ठरवले, तर त्याला कोणी सेन्सॉरशिप म्हणू नये. शेजाऱ्याच्या पडद्यावर तोच चौकोन जशाचा तसा राहतो. मूळ पानाचा कानाही हलत नाही. या दृष्टीने पाहता ही कात्री तिन्हींत सर्वांत निरुपद्रवी ठरावी.

तरीही एका बाबतीत ती इतर दोघींहून वाईट आहे. ती कोरी जागा ठेवत नाही. चौकोन लपला की खालचा मजकूर वर सरकतो, आजूबाजूचे चौकोन जवळ येतात, आणि तेथे काही होते याची खूणही उरत नाही. पहिल्या दिवशी आपण काय लपवले हे आपल्याला आठवत असते. सहा महिन्यांनी आठवत नाही. मग ते पान तसेच आहे, असेच आपण धरून चालतो.

याचा प्रत्यय आमच्या शाळेतच आला. कार्यालयातील लिपिक मोठे व्यवस्थित गृहस्थ. ज्या एका संकेतस्थळावर त्यांना रोज काम करावे लागे, त्याच्या माथ्यावर एक लाल पट्टी सतत लुकलुकत असे. ‘नवीन, नवीन’ म्हणून तीच ती जुनी घोषणा सरकत राही. त्यांनी एक दिवस पिकरने ती पट्टी कायमची लपवली. डोके शांत झाले, काम वेगाने होऊ लागले. पुढे कित्येक महिन्यांनी त्याच पट्टीत शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची तारीख अलीकडे ओढल्याची सूचना आली. कार्यालयाच्या संगणकावर ती उमटली नाही, उमटणारच नव्हती. आमच्या एका शिक्षिकेने सहज फोनवर तेच पान उघडले म्हणून कळले. अकरा मुलांचे अर्ज त्या रात्री साडेनऊपर्यंत बसून भरले गेले. त्यांतील काही मुलांच्या घरी त्या रकमेवर वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा हिशेब बसतो. यात लिपिकांना दोष कोण देईल? उपद्रव देणारी पट्टी आणि उपयोगाची सूचना एकाच चौकोनात ठेवणाऱ्याने औचित्य मोडले होते. पण लपवलेले विसरले जाते, हा धडा मात्र सर्वांचा आहे.

याउलट कात्री नसल्याने काय होते तेही वर्गात पाहायला मिळते. नववीच्या मुलांना मी पैस खांबाविषयी माहिती व चित्र आणायला सांगितले होते. कित्येकांनी चित्राऐवजी भलतेच काही उतरवून आणले, कारण पानावर ‘येथे दाबा’ असे लिहिलेला हिरवा चौकोन चित्राचा नव्हता, जाहिरातीचा होता. तो तसा दिसावा म्हणूनच बेतलेला होता. अशा फसव्या मांडणीला आता कायद्याच्या भाषेतही नाव मिळाले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तीत सांगितलेल्या तेरा प्रकारांत मजकुराचे सोंग घेणारी जाहिरात आहे आणि पुन्हा पुन्हा टोकणेही आहे. वाचकाची कात्री ही केवळ ऐषआरामाची वस्तू नाही, हे यावरून दिसेल. तेरा वर्षांच्या मुलाला खरा दरवाजा आणि रंगवलेला दरवाजा यांतील फरक ओळखता येत नसेल, तर रंगवलेला दरवाजा झाकणे हे पालकाचे कामच आहे.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. जाहिरात झाकली, तर पानाचा खर्च कोण देणार?

ज्या अंकात हा लेख छापला जात आहे त्याच्या वाचकांना हा प्रश्न परका नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक आणि जाहिरात यांचा संसार चालत आला आहे. सोन्याचे दुकान, बँक, साखर कारखाना, लोणची-मसाले यांच्या पानांवर कथा-कवितांच्या पानांचा भार असतो. एवढेच नव्हे, जाहिरातीच्या पोटी साहित्यही जन्माला आलेले आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले ते मुळात कारखान्याचे आपले पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याला १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे मिळाली. आणि नांगर विकण्याच्या निमित्ताने निघालेल्या पानांतून महाराष्ट्रातील दोन पिढ्या विचार करायला शिकल्या. त्या वेळी एखाद्या वाचकाने ‘हे तर कारखान्याचे पत्रक’ म्हणून सारेच झाकून टाकले असते, तर तोटा कोणाचा झाला असता?

संगणकाच्या पानावरील लहान मराठी प्रकाशनांची स्थिती तशीच नाजूक आहे. वर्गणी देण्याची सवय आपल्याला कमी. लेख फुकट असावा आणि चांगलाही असावा अशी आपली अपेक्षा. जाहिरात ही त्यांची बहुधा एकुलती एक मिळकत. कात्री सर्वांवर सारखी चालते. उपद्रवी पानावर आणि सभ्य पानावरही. सभ्य पानाला ती अन्याय करते हे मान्य केले पाहिजे.

यावर ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ने २०११ साली एक तोडगा काढला: ज्या जाहिराती सभ्य, त्या दाखवाव्यात. तत्त्व चांगले. परंतु मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी पैसेही घेतले जाऊ लागले, आणि पहारेकरीच जकातदार झाला की काय अशी शंका लोकांना आली. ती अगदीच अनाठायी म्हणवत नाही. जर्मनीतील एका मोठ्या वृत्तपत्रसंस्थेने हे प्रकरण कोर्टात नेले. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ साली असे साधन पुरवणे ही अनुचित स्पर्धा नव्हे असा निकाल दिला; पानाच्या आज्ञावलीवरील लेखकाधिकाराच्या मुद्द्यावर मात्र त्याच न्यायालयाने २०२५ साली प्रकरण पुन्हा विचारासाठी खालच्या न्यायालयाकडे धाडले. कायद्याने अजून हात धुतलेले नाहीत.

शिवाय वाचकाच्या हातातील कात्री सर्वस्वी वाचकाची आहे, हाही भ्रम नसावा. ती ज्या ब्राउझरमध्ये चालते तो कोणाचा तरी असतो. गूगलची मुख्य मिळकत जाहिरातीची, आणि जगात सर्वाधिक चालणारा ब्राउझर क्रोम हा गूगलचाच. २०२४ पासून त्या कंपनीने क्रोममधील जोडण्यांचे जुने नियम मोडीत काढले आणि २०२५ मध्ये मूळचे ‘यूब्लॉक ओरिजिन’ तेथे चालेनासे झाले. त्याचा ‘लाइट’ हा सौम्य अवतार चालतो. सुरक्षितता, खाजगीपणा आणि वेग ही कारणे कंपनीने दिली आहेत. कारणे खरीही असतील. पण ज्याच्या दुकानात कात्री विकत घ्यायची त्यालाच कात्रीची धार सोसत नसेल, तर गिऱ्हाइकाने सावध असावे. फायरफॉक्समध्ये मूळचे साधन आजही चालते, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. आयफोनच्या सफारीत २०१५ पासून अशा साधनांना जागा आहे.

एवढ्या विचारानंतर समीक्षकाने निर्णय द्यायला हवा. तो न देणे म्हणजे पळवाट. माझा निर्णय कात्रीच्या बाजूने आहे, पण अटींसह. जे पान वाचकाला फसवते, अडवते, त्याच्या मुलांना चुकीच्या दारात ढकलते, त्याने वाचकाच्या डोळ्यांवरील हक्क गमावला. ते झाकण्यात अपराध नाही. परंतु झाकणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. लपवणे आणि अडवणे यांतला भेद ओळखावा आणि लपवले म्हणजे टळले असे समजू नये. आपण केलेल्या नियमांची यादी अधूनमधून उघडून पाहावी; साधनात ती एका ठिकाणी मिळते, आणि एक कळ दाबून त्या स्थळापुरते सारे लपवणे थांबवून मूळ पान पाहता येते. दिवाळीला माळ्यावरचे डबे उतरवतो तेव्हा ही यादीही उतरवावी. आणि ज्या पानाने आपल्याला चांगले वाचायला दिले, पाय अडखळेल असे तोरण बांधले नाही, त्याच्यापुरती कात्री मिटून ठेवावी. जमल्यास वर्गणी भरावी. फुकट वाचणे आणि झाकून वाचणे ही दोन्ही सुखे एकाच पानाकडून कायम मिळत राहतील, असा हिशेब कोणत्याही गृहिणीला मान्य होणार नाही.

संकेतस्थळे चालवणाऱ्या मराठी बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. १८४२ साली आमच्या नगरात ‘ज्ञानोदय’ सुरू झाला, तेव्हापासून या गावाने छापील पान हाताळले आहे. जाहिरात द्या, ठसठशीत द्या, पण तिला जाहिरात म्हणून उभी राहू द्या. तिला लेखाच्या ओळीवर चढवू नका, तिच्यावर खोटा दरवाजा रंगवू नका. वाचक कात्री हाती घेतो तो बहुधा शेवटचा उपाय म्हणून. आणि एकदा त्याने नियम लिहिला की तुमचे चांगलेही त्याला पुन्हा दिसत नाही.

या अंकात कथांच्या मध्ये काही पाने दागिन्यांची, पतपेढ्यांची आणि मसाल्यांची असतील. ती कोणाच्याही ओळीवर चढलेली नाहीत. वाटले तर उलटा, वाटले तर थांबून पाहा. मुलांना तर कधी कधी तीच आधी आवडतात. त्यांना एकदा विचारून पाहा, यातले कोणते पान काय सांगते आणि कोणते पान काय विकते. ते ओळखता आले की त्यांच्या हाती कात्री द्यायला हरकत नाही.